राजीच्या हातात त्रिशूळ आहेच, आता तिच्या कसबाकडे बघा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या आपल्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग ‘राजी : कलियुग’ या नावाने जाहीर केल्यापासून चाहत्यांमध्ये एकच चर्चा आहे : हा भाग किती मोठा असेल? नकाशा केवढा, राक्षस किती, शस्त्रे कोणती, ग्राफिक्स परदेशी खेळांच्या तोडीचे असतील का? उत्सुकता स्वाभाविक आहे आणि ती मलाही आहे. पण प्रश्नाची दिशा चुकते आहे असे मला वाटते. पहिल्या भागाची खरी ताकद त्याच्या भव्यतेत नव्हती, त्यातल्या देवांच्या शस्त्रांतही नव्हती. ती होती राजी नावाच्या एका कसरती करणाऱ्या पोरीच्या अंगात. पुढच्या भागाने आकार वाढवण्यापेक्षा त्या अंगातल्या कसबाचा माग काढला, तर तो जगातल्या कुठल्याही खेळापेक्षा वेगळा ठरेल. नाहीतर तो चांगल्या परदेशी खेळांची एक बरी देशी आवृत्ती होऊन राहील.

ज्यांनी पहिला भाग खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. राजी आणि गोलू ही अनाथ भावंडे सर्कशीत वाढलेली. राखीपौर्णिमेच्या सुमारास असुरांचा हल्ला होतो, ते मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो, आणि दुर्गा आणि विष्णू यांच्या आशीर्वादाने राजी भावाच्या शोधात निघते. २०१७ मध्ये या खेळासाठी लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला होता. तरीही चिकाटीने काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेंडो स्विचवर, ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळाच्या यादीत त्याला नामांकन मिळाले. पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग, राजस्थानी वास्तू, छायाबाहुल्यांच्या अंगाने सांगितलेले कथेचे तुकडे यांचे जगभर कौतुक झाले. लढाईला मात्र बऱ्याच समीक्षकांनी नावे ठेवली, आणि शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो ही तक्रार तर सार्वत्रिक होती.

लढाईबद्दलची तक्रार खरी आहे, पण ती सगळ्या लढाईला सारखी लागू नाही. एखाद्या चौकात चार खांब आहेत आणि असुर चहूबाजूंनी चालून येत आहेत असा प्रसंग घ्या. राजी धावत जाऊन खांबाला धरते, त्याभोवती गरकन फिरते आणि त्याच वेगात शत्रूला तडाखा देते. भिंत जवळ असेल तर ती दोन-तीन पावले भिंतीवर चढते, उलटी उडी घेते आणि खाली उतरताना त्रिशूळ जमिनीत रोवते. त्या क्षणी ही मुलगी कोण आहे, कुठून आली आहे, हे एकही वाक्य न बोलता कळते. सर्कशीत शिकलेले तोल, झेप आणि वळण तिला जगवत असते. याउलट खुल्या मैदानात, जिथे खांब नाही की भिंत नाही, तिथे तीच लढाई बटणे दाबत राहण्यापुरती उरते. देवांनी दिलेले धनुष्य आणि विजेचे तडाखे हातात असूनही ती फिकी पडते, कारण तिथे राजीच्या जागी दुसरे कुठलेही पात्र ठेवले तरी काही बिघडत नाही. मला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. खेळ जिथे तिच्या कसबावर उभा राहिला तिथे तो जिंकला, आणि जिथे फक्त शस्त्रावर विसंबला तिथे थकला.

कथेतही तेच झाले. भिंतींवरच्या चित्रांतून देवांच्या कथा ऐकायला मिळतात, मोठ्या तपशिलाने मिळतात. राजीचे स्वतःचे आयुष्य मात्र फिरत्या चकत्या जुळवण्याच्या कोड्यांतून, दोन-चार आठवणींच्या चित्रांपुरते दिसते. ती सर्कशीत काय खात होती, तिला दोरीवर चालायला कुणी शिकवले, पडली तेव्हा कुणी उचलले, यातले आपल्याला काहीच कळत नाही. भावासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या मुलीबद्दल इतके कमी कळावे, हे मला खटकते.

आणि हे कळवण्यासाठी पुण्यातल्या कलाकारांना कुठे लांब जायची गरज नाही. भारतीय सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत छत्रे महाराष्ट्रातले. त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ १८८० मध्ये मुंबईत झाला. मल्लखांबाला आजचे रूप देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. आमच्या विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके परदेशात दाखवली. मल्लखांबावरची अढी, दसरंग, सुईदोरा बघितलेल्या माणसाला राजीचे खांबाभोवतीचे फिरणे लगेच ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की खेळात ती एकच हालचाल पुन्हा पुन्हा येते, आणि खऱ्या मल्लखांबावर पुरलेला खांब, टांगता खांब आणि दोरी अशा तीन प्रकारांतच हालचालींचा एवढा साठा आहे की त्यातून एक पूर्ण युद्धशास्त्र उभे राहावे. डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ या भटक्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून जे अंगात मुरवले, बांबू घेऊन दोरीवर तोल सांभाळणे, हलगीच्या तालावर कोलांटी घेणे, त्याचा तर अजून कुठल्याही व्हिडिओ गेममध्ये गांभीर्याने विचार झालेला माझ्या पाहण्यात नाही. विदर्भातल्याच आमच्या दिग्रस गावच्या बाजारात ज्या वयाच्या लोकांनी हे खेळ पाहिले आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना मात्र ते राजीमुळेच पहिल्यांदा कळू शकेल.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा असतो. जगभरचा ग्राहक ‘गॉड ऑफ वॉर’सारखी भव्यता मागतो, डोंबाऱ्याची दोरी कोण बघणार, असे म्हटले जाते. पण भव्यतेच्या शर्यतीत शेकडो माणसांच्या आणि अफाट पैशांच्या स्टुडिओंशी एक छोटा पुणेरी चमू कधीच बरोबरी करू शकणार नाही, आणि केली पाहिजे असेही नाही. पुण्या-मुंबईच्या कलाकारांनी परक्या कथा पडद्यावर आणण्याचे काम पूर्वीपासून केले आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा ती युबिसॉफ्ट या परदेशी कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती, २०२२ मध्ये ती कॅनडातल्या माँट्रियलकडे गेली. हे सांगण्यात कुणाच्या कौशल्यावर शंका नाही. मुद्दा एवढाच की दुसऱ्याच्या मालकीच्या कथेत शेवटचा निर्णय आपला नसतो. ‘राजी’त तो आपला आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेचा ‘द लॉस्ट क्राउन’ हा भाग जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा त्यात संपूर्ण फारसी संवाद होते. पर्शियाच्या कथेला स्वतःची भाषा मिळाल्याने खेळाची ओळख ठसठशीत झाली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मी तो बाजूला सारणार नाही. रस्त्यावरची किंवा सर्कशीतली कसरत म्हणजे पोटासाठी केलेली कष्टाची, धोक्याची मजुरी. तिच्यात लहान मुले राबवली गेली म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर बंदी आणण्याचे आदेश दिले. मग अशा जगण्याला साहसाचा मुलामा द्यायचा का? माझे उत्तर असे की मुलामा पहिल्या भागानेच दिला आहे. राजीचे सर्कशीतले बालपण तिथे सुंदर रंगांत चमकते आणि कष्ट दिसतच नाहीत. पुढच्या भागाने कसब दाखवताना त्याची किंमतही दाखवावी : हाताला पडलेले घट्टे, पाल उठल्यावर नव्या गावाकडे निघालेला ताफा, आणि गुन्हेगार जमाती म्हणून ज्यांच्यावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने शिक्का मारला त्या भटक्यांकडे बघणारे गावकऱ्यांचे संशयी डोळे. खेळ म्हणजे माहितीपट नव्हे हे मान्य. पण मुले पळवून नेणाऱ्या असुरांची गोष्ट सांगताना, मुलांचे बालपण आणखी कोण कोण हिरावून घेते हा प्रश्न त्या कथेच्या पोटातच आहे. देवांना यात कमीपणा येत नाही. दुर्गेने राजमहालातली योद्धी सोडून सर्कशीतली पोर निवडली, ही पहिल्या भागातली सगळ्यात धाडसी कल्पना आहे. तिला पुरते वजन द्यावे, एवढेच मागणे आहे.

राहिला प्रश्न दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात या सगळ्याचा काय संबंध, हा. इथे घरोघरी प्लेस्टेशन नाही. इथला खेळ मोबाइलवर चालतो, आणि पालकांच्या मनात गेम म्हटले की पैज आणि कर्ज हेच चित्र उभे राहते. ते चित्र उगाच तयार झालेले नाही. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा २०२५ चा केंद्रीय कायदाही असे खेळ आणि बाकीचे खेळ यांत फरक करतो. एकदा विकत घेऊन गोष्टीच्या पुस्तकासारखा शेवटपर्यंत न्यायचा खेळ ही वेगळी वस्तू आहे, हे पालकांनी समजून घ्यावे. पहिली ‘राजी’ नेटफ्लिक्सच्या वर्गणीतून मोबाइलवरही आली होती, त्यामुळे महागड्या यंत्राशिवाय असा खेळ पोचवता येतो हे सिद्ध झालेले आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. पुढच्या भागात मराठी संवाद यावेत ही मागणी भावनेची वाटेल, पण तिला व्यवहाराची बाजू आहे. इथून जवळच्या पोहरादेवीला दरवर्षी देशभरातून बंजारा समाज लोटतो. त्यांची गोरबोली, वऱ्हाडी आणि प्रमाण मराठी अशा तिन्ही बोली एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. फिरत्या सर्कशीतल्या मुलीच्या तोंडी पुस्तकी इंग्रजीपेक्षा अशी सरमिसळ केव्हाही खरी वाटेल.

म्हणून नॉडिंग हेड्सच्या चमूला चाहता म्हणून माझी विनंती आहे : नवीन नगरे, नवे असुर जरूर आणा, पण त्याआधी अमरावतीच्या आखाड्यात आणि भटक्यांच्या पालांवर काही दिवस बसा, तिथल्या शिकवणाऱ्यांना पैसे देऊन सल्लागार करा आणि खेळाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे ठळक छापा. आणि वाचकांना एवढेच, की पुढचा भाग येईपर्यंत पहिला भाग घरातल्या मुलांबरोबर बसून एकदा खेळून बघा. तो चार-सहा तासांत संपतो.