करकपात कोणाच्या पदरात?

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर उतरविण्याचा निर्णय घेतला व २२ सप्टेंबरपासून तो अंमलात आला. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील कर शेकडा १८ वरून ५ वर आला. ही कपात स्वागतार्हच आहे. कारण अशा जिनसांवर गरिबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. परंतु कर उतरला म्हणजे गरिबाचा संसार आपोआप हलका झाला, हा डांगोरा आम्हांस मान्य नाही.

हिशेब साधा आहे. करासह ११८ रुपयांस मिळणारी वस्तू आता १०५ रुपयांस मिळावयास हवी. म्हणजे किंमत शेकडा अकराने उतरावयास हवी. दरमहा अशा जिनसांवर ५०० रुपये खर्चणाऱ्या मजुराचे ५५ रुपये वाचतील, तर ५,००० खर्चणाऱ्या बंगलेवाल्याचे ५५०. शिवाय वातानुकूलन यंत्र व छोटी मोटार यांवरील कर २८ वरून १८ वर आला, तो लाभही त्याचाच. मजुराच्या ताटातील सुटे धान्य व ताजी भाजी यांवर तर पूर्वीही हा कर नव्हता!

त्यातही मजूर घेतो ती पाच रुपयांची पुडी. ती साडेचार रुपयांच्या आत मिळावी, नाहीतर १०० ग्रॅमच्या जागी तीत ११२ ग्रॅम माल यावा. हे तपासणार कोण? २०१७ साली स्थापिलेले नफेखोरीविरोधी प्राधिकरण डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून त्या कलमाखाली नव्या तक्रारी घेणेही थांबले. आधी राखणदारास रजा दिली, मग शेताचे फाटक उघडले!

आता तिजोरीचे पाहू. २०२३-२४ च्या खपावरून खुद्द सरकारनेच ४८,००० कोटी रुपयांच्या घटीचा अंदाज केला होता. वाढत्या खपाने ती भरून निघाली तर उत्तमच. न निघाल्यास भार मुख्यतः राज्यांवर पडेल. राज्यांची भरपाई ३० जून २०२२ रोजीच संपली आहे आणि सरकारी दवाखान्यातील औषध, शाळेतील शिक्षक राज्याच्याच पैशावर चालतात. साबणात ५५ रुपये वाचले आणि औषधास ५०० मोजावे लागले, तर गरिबाने कमावले काय?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गरिबाच्या जिनसांवरील सवलत टिकवा, पण ती त्याच्या हाती पडते की नाही हे पाहणारी यंत्रणा पुन्हा उभारा; आणि बंगल्यातील चैनीला दिलेली सूट परत घेऊन तो पैसा दवाखान्यास व शाळेस लावा. कर कमी करणे सोपे आहे. तो योग्य माणसाचा कमी करणे, हेच राज्यकर्त्यांचे कर्तव्य होय.