रिकामा डबा परत जात नाही

शेजारी फराळाचा डबा धाडताना गृहिणी मुलाला बजावते, "डबा परत घेऊन ये हो!" सणाची खरी गंमत त्या परतीत आहे, कारण आलेला डबा रिकामा पाठवायचा नाही, ही आपली जुनी रीत.

वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले चकल्या-करंज्यांचा डबा घेऊन कोळीवाड्यात जात असू. पाऊस सरलेला असे, वलांड्यांवर बोंबील वाळत असत. ओळखीची मावशी फराळ काढून घेई आणि डब्यात उन्हाळ्यात कुटलेला मसाला, नाहीतर मूठभर सोडे घाली. त्या मसाल्याची कालवणे घरी कित्येक दिवस चालत. कोण कुणाचे देणे लागतो, हा हिशेब कधी मिटलाच नाही. म्हणून तर येणेजाणे टिकले!

२०१४ साली मेट्रो सुरू झाली आणि वर्सोव्याहून घाटकोपर अर्ध्या तासाच्या आत आले. लांब पडते, ही सबब उरली नाही. तरी भेट जाते ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून. खोके कोणी परत करीत नाही आणि गाठ तिथेच सुटते.

तेव्हा यंदा फराळ थोडा करा. पण घट्ट झाकणाच्या घरच्या डब्यातून द्या. बुडाशी नाव घाला, आणि डबा परत मागायला मुळीच लाजू नका.