काचेखालचे ऊन

लॅटिन भाषेत 'सोलारियम' या शब्दाला दोन अर्थ होते. सावलीवरून वेळ सांगणारे छायायंत्र हा एक, आणि घराच्या माथ्यावरची ऊन येणारी गच्ची हा दुसरा. आज हा शब्द क्रूझ-जहाजांच्या वरच्या मजल्यांवर जाऊन बसला आहे. मध्यभागी पोहण्याचा तलाव, त्याच्या कडेने ओळीने मांडलेल्या आरामखुर्च्या आणि वर काचेचे छत, अशा जागेला तेथे सोलारियम म्हणतात. एके काळी वेळ मोजणारी ही वस्तू आता वेळेचा विसर पाडण्यासाठी वापरली जाते. शब्दाचे हे स्थलांतर भाषेच्या अभ्यासकाला गमतीचे वाटावे असे आहे. परंतु आम्हांला त्यात गमतीहून काही अधिक दिसते.

साहित्यविषयक लेखनाच्या या जागी जहाजावरच्या तलावाचे काय काम, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे, की हा तलाव आता आपल्या अनुभवविश्वाबाहेरचा राहिलेला नाही. मुला-मुलींकडे अमेरिकेत गेलेले मराठी आईवडील अलास्काची सफर करून येतात, परतल्यावर तिचे वर्णन लिहितात, आणि ते दिवाळी अंकांतून छापूनही येते. या वर्णनांत हिमनद्या असतात, जेवणाचे प्रकार असतात, आणि काचेखाली पहुडून अनुभवलेले 'प्रसन्न ऊन' असते. आमचा आक्षेप या विश्रांतीला नाही. काचेखालच्या उन्हाला 'ऊन' म्हणून मोकळे होण्याला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तलावावर सरकते छत घालण्याची कल्पना जुनी आहे. 1965 साली बांधलेले 'ओशनिक' हे जहाज न्यूयॉर्कहून बहामा बेटांकडे जात असे. हिवाळ्यात न्यूयॉर्क सोडताना अंगाला झोंबणारा वारा आणि पुढे बहामांची ऊब, या दोन्ही हवामानांत तलाव वापरता यावा म्हणून त्याच्यावर उघडमीट करणारे छत बसविले होते. हा निव्वळ सोयीचा विचार होता. पुढे त्याचा थाट झाला. 2001 साली सेवेत आलेल्या 'रेडियन्स ऑफ द सीज' या जहाजाचे सोलारियम आफ्रिकी धाटणीचे असून तेथे हत्तींची शिल्पे आहेत. हे जहाज अनेक उन्हाळे अलास्काच्या किनाऱ्याने फिरले आहे. म्हणजे बाहेर हिमनदी, आत आफ्रिका आणि दोहोंच्या मध्ये एक काच! स्थळ नाहीसे झाले की वर्णनाला सजावट तेवढी उरते, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला वर्गात देता येणार नाही.

आता उन्हाकडे वळू. उन्हाने त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ते काम अतिनील किरणांपैकी 'बी' गटातील किरण करतात, आणि साधी काच नेमके तेच किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. 'ए' गटातील किरण मात्र साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. ते त्वचेत खोलवर शिरतात आणि तिला अकाली सुरकुत्या आणतात. छत थराथरांच्या काचेचे वा पॉलिकार्बोनेटचे असेल तर तेही बहुतांशी बाहेरच राहतात. तेव्हा छत मिटलेले असताना खाली निजलेल्या माणसाला मिळते ती ऊब आणि उजेड. उन्हाचा लाभ मिळत नाही, आणि काचेचा प्रकार ठाऊक नसेल तर उपद्रव टळला असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. छत सरकले की खरे ऊन येते, आणि समुद्रावरचे ते ऊन फार वेळ अंगावर घेणे धोक्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1992 सालीच सूर्यकिरणांची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या घटकांत केली आहे.

मग माणसे तेथे निजतात कशासाठी? याचे उत्तर शोधताना शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. 1903 साली नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ओग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधील लेझां येथे क्षयरोग्यांसाठी सूर्योपचार सुरू केले. आपल्याकडे 1930च्या दशकात जामनगरला सूर्याबरोबर फिरणारे सोलारियम उभे राहिले, ते झां सैदमान या डॉक्टरांच्या कल्पनेतून आणि तेथल्या संस्थानिकांच्या आश्रयाने. तेथे येणारा माणूस रोगी असे. त्याचे निजणे हा उपचाराचाच भाग असे. टोमास मान यांच्या 1924च्या 'द मॅजिक माउंटन' या कादंबरीत दावोसच्या आरोग्यधामातील रुग्ण सज्जांवर आरामखुर्च्यांत घोंगड्या पांघरून पडून असतात, आणि पडल्यापडल्या त्यांची वेळेची जाणीव विरघळत जाते. तेथे त्या विरघळण्यामागे मृत्यूची चाहूल आहे. पुढे क्षयावर औषधे आली, आरोग्यधामे ओस पडली. रोग गेला तरी ते निजणे मागे राहिले, आणि निरोगी माणसांनी ते विकत घेतले.

समुद्राच्या बाजूने पाहिले तर हा बदल आणखी ठळक दिसतो. 1869 साली सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या बोटींवरचे गोरे प्रवासी उन्हापासून पळत. तांबडा समुद्र आला की डेकवर कापडी छते ताणली जात, सावलीतल्या जागेसाठी चढाओढ लागे. त्या बोटींवर खलाशी म्हणून कोकणातली माणसे असत. जेवण वाढणाऱ्यांत आणि खोल्या आवरणाऱ्यांत गोव्याची माणसे असत. उन्हात कोण उभे राहील आणि सावलीत कोण बसेल, याची वाटणी तेव्हा उघड होती. आज सावलीतले प्रवासी उन्हाला पैसे मोजतात. वाटणी मात्र मोडलेली नाही. आजही क्रूझ-जहाजांवर फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारत, त्यातही गोवा, येथली माणसे महिनोन्महिन्यांच्या करारावर राबतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या खोल्या खालच्या मजल्यांवर, खिडकीविना असतात. खुर्चीवर टॉवेलाची घडी ठेवणाऱ्या हाताला ऊन मिळते का, हा प्रश्न आमच्या वाचनात आलेल्या एकाही सफरवर्णनात नाही.

मराठी भाषेला हा प्रश्न अपरिचित नाही. आपण 'ऊन खातो'. थंडीच्या सकाळी ओट्यावर बसून कोवळे ऊन खाणे ही फुकटची मेजवानी आहे. मात्र उन्हाने वर्ण बदलला की आपण 'रापला' म्हणतो, आणि रापतो तो नांगरामागचा, होडीवरचा किंवा रस्त्यावरचा माणूस. हौसेने रापण्यासाठी आपल्याला 'टॅन' हा शब्द उसना घ्यावा लागला. कारण तो अनुभवच आपला नव्हता. एकदा आम्ही पदवीच्या वर्गाला 'ऊन' या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितले. शहरातल्या बहुतेकांनी कवडसे लिहिले. किनाऱ्यावरच्या एका मुलीने अंगणात वाळत घातलेल्या सोड्यांबद्दल आणि दिवसभर कावळे हाकण्याबद्दल लिहिले. तिच्या दहा ओळींत ऊन हे घरातल्या कमावत्या माणसासारखे होते. ते आले नाही तर घराचे नुकसान होई. काचेच्या छताखाली जे हरवते ते हेच. तेथल्या उन्हावर कोणाचे काहीच अवलंबून नसते.

यावर एक रास्त हरकत घेतली जाईल. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आणि आयुष्यभर लोकलच्या गर्दीत उभे राहिलेल्या माणसाने चार दिवस कोमट पाण्यात आणि उबेत काढले, तर प्राध्यापकांनी कपाळाला आठ्या का घालाव्यात? आम्ही त्या घालीत नाही. विश्रांतीवर त्यांचा पुरेपूर अधिकार आहे, आणि अलास्काच्या वाऱ्यात काच ही दयाळू वस्तू आहे. पण विश्रांती आणि प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकी लेखकाने 1995 साली क्रूझवर आठवडा काढून जो दीर्घ निबंध लिहिला, त्यात हा भेद त्याने बरोबर पकडला आहे. सुख न वाटण्याची शक्यताही जेथे काळजीपूर्वक काढून टाकलेली असते, तेथे आपल्यातले लहान मूल तृप्त न होता अधिकच हट्टी होते, असे त्याला दिसले. तो तेथे विश्रांतीसाठी नव्हे, एका मासिकाच्या वतीने लिहिण्यासाठीच गेला होता. आणि लिहिताना त्याने काचेकडे पाठ फिरविली नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभीच्या काळात विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' उभे आहे. 1857च्या धामधुमीत वरसईच्या या भटजींनी उत्तरेकडे जी वाट तुडविली, तिच्यावर ऊन, तहान आणि भय यांपैकी काहीही गाळून घेण्याची सोय नव्हती. तसा प्रवास आज कोणी करावा, अशी मागणी वेडेपणाची ठरेल. काचेखाली बसूनही चांगले लिहिता येईल. अट इतकीच, की लिहिणाऱ्याने काच लिहावी. तिच्यावर साचणारी वाफ, बाहेरून ती पुसणारा माणूस, तिने काय आत येऊ दिले आणि काय अडविले, हे सारे लिहावे. विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन शिकविताना 'लेखकाने काय पाहिले' हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्याच्या जोडीला 'कशातून पाहिले' हाही विचारावा, अशी आमची समव्यावसायिकांस विनंती आहे.