पावसाळ्यातले पाय : गमबूट घ्यावेत तरी कसे?



मे महिना कलला की आपली धांदल सुरू होते. पापड-कुरडया डब्यांत जातात, लाकडं-गोवऱ्या आत येतात, छत्र्यांच्या काड्या दुरुस्त होतात, मुलांचे रेनकोट मापाला लावून पाहिले जातात. डोक्यावरचा पाऊस अडवायची सगळी तयारी होते. पायांची आठवण मात्र पहिल्या सरीत चपलेचा अंगठा तुटला म्हणजेच होते!

कोकणातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरी दोन म्हशी, थोडी भातशेती. यंदा गमबूट घ्यायचे ठरवलंय, पण बाजारात इतके प्रकार, की कुठले घ्यावेत कळत नाही. शिवाय सासूबाई म्हणतात, "बायकांना कशाला हवेत गमबूट? आम्ही जन्मभर अनवाणीच लावणी केली." प्रश्न साधा वाटतो, पण त्यात बरंच काही आहे. म्हणून आजचं सदर त्यालाच दिलंय.

आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. सकाळ-संध्याकाळ गोठ्यातलं शेण-मूत कोण काढतं? लावणीला दिवसभर वाकून चिखलात कोण उभं असतं? बहुतेक घरांत बाईच. आणि पावसाळ्यात धोका नेमका तिथेच असतो. उंदीर-घुशी, गाई-म्हशी, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायाला जखम असेल, भेगा असतील किंवा पाण्यात भिजून भिजून कातडी पांढरी पडली असेल, तर तिथून ते शरीरात शिरतात. हाच 'लेप्टो'चा ताप. अडॉल्फ वाईल या जर्मन डॉक्टरांनी १८८६ सालीच त्याच्या गंभीर रूपाचं वर्णन करून ठेवलंय. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात या तापाचे रुग्ण वाढले होते. कोकणातल्या गावांना तर हे नाव नवीन नाही.

शिवाय फुरसं! कोकणातला हा एवढासा साप बांधावर, दगडाखाली बसलेला असतो आणि चावतो तो पायालाच. तेव्हा गमबूट ही काही पुरुषांची चैन नव्हे. घरात एकच जोड घेणं जमत असेल, तर जी व्यक्ती गोठ्यात आणि ओल्यात जास्त वावरते तिच्या मापाचा तो घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी अडवायचं की वाहून जाऊ द्यायचं?

दुकानात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या पायाशी पाणी येतं कसं? पावसाळी पादत्राणं दोनच जातीची असतात. एक, पाणी आत येऊच न देणारी. दुसरी, आलेलं पाणी लगेच बाहेर जाऊ देणारी. मधली जी असतात, म्हणजे पाणी आत घेतात आणि धरून ठेवतात, ती सगळ्यांत वाईट.

शहरात स्टेशन गाठायचं, बस पकडायची, वाटेत एखादं तळं तुडवायचं आणि मग दिवसभर कचेरीत बसायचं, अशांना गमबूट सोयीचे नाहीत. त्यांनी मागे पट्टा असलेल्या, उघड्या, प्लॅस्टिकच्या किंवा रबरी सँडल घ्याव्यात. पाय भिजेल, पण पोचल्यावर पाच मिनिटांत पुसून कोरडा करता येईल. नुसती स्लीपर नको. ती घसरते आणि मागून चिखल उडवून सगळ्या साडीवर नक्षी काढते! कातडी चपला आणि कोल्हापुरी तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून दसऱ्यापर्यंत ठेवून द्याव्यात.

मी दुपारच्या वेळात शाळेत शिकवते. पावसाळ्यात मुली कॅनव्हासचे ओले बूट-मोजे घालून पाच-पाच तास बसतात आणि घरी जाऊन बूट काढतात तेव्हा बोटं सुरकुतून पांढरीफटक झालेली असतात. वर म्हटलेली 'मधली' जात ती हीच. पालकांनी मुख्याध्यापकांना विनंती करून पावसाळ्यापुरती सँडलची परवानगी मागावी. ते जमत नसेल, तर दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड तरी द्यावाच.

गोठा, परसू, बांध, भाजीचा वाफा, नर्सरी अशा ठिकाणी मात्र तासन् तास ओल्यात उभं राहायचं असतं आणि खाली घाणही असते. तिथे गमबुटाला पर्याय नाही.

दुकानात काय पाहाल?

गमबूट मुख्यतः दोन प्रकारचे, रबराचे आणि पीव्हीसीचे. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि पुढे रबरी बूट आले. आपल्याकडे 'डकबॅक' हे नाव रेनकोटांमुळे घरोघरी ठाऊक झालं. त्या बंगाली कारखान्याची सुरुवात १९२० मधली.

रबराचा बूट मऊ असतो, पायाबरोबर वाकतो, ओल्या जमिनीवर पकड चांगली देतो. पण महाग आणि जड. ऊन, रॉकेल आणि तेल त्याला सोसत नाही. पीव्हीसीचा बूट स्वस्त, धुवायला सोपा, तेलकटाला दाद न देणारा. पण तो ताठ असतो आणि रोज वाकून वाकून चवड्याच्या घडीपाशी चिरतो. थोड्या वेळाच्या कामाला पीव्हीसी चालेल. रोज दोन-तीन तास चालणं-उठणं-बसणं असेल, तर रबराला चार पैसे जास्त मोजावेत. आतल्या बाजूला किंवा तळाला आयएसआयचा शिक्का आहे का पाहा. औद्योगिक वापराच्या रबरी बुटांसाठी ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटांसाठी १२२५४ या क्रमांकांची मानकं आहेत.

आता माप. संध्याकाळी खरेदीला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. घरून मोजे घेऊन जा आणि ते घालूनच बूट चढवा. पुढे बोटं मोकळी हलली पाहिजेत. टाच किंचित उचलली तर चालेल, पण बूट फटक्-फटक् करू लागला तर तो तुमचा नव्हे. पुष्कळ दुकानांत पुरुषांचेच नंबर असतात आणि दुकानदार "आत कापूस भरा, होईल बरोबर" म्हणतो. ऐकू नका. सैल बूट चिखलात पायातून निघतो, तोल जातो आणि टाचेला फोड येतात. फोड म्हणजे जंतूंना उघडं दार. आपला नंबर मागवून घ्या, आठवडा थांबावं लागलं तरी चालेल.

मग दुकानातच उकिडवं बसून पाहा. लाजू नका. आपलं निम्मं काम बसून आणि वाकून चालतं. गुडघ्यापर्यंतचा बूट उकिडवं बसलं की गुडघ्यामागे रुततो. बसकामाला पोटरीच्या मध्यापर्यंतचा बूट बरा. तळाच्या खाचा खोल आणि थोड्या लांब-लांब हव्यात. बारीक, दाट नक्षीत शेण-चिखल भरतो आणि तळ गुळगुळीत होऊन पाय सरकतो. तळ आणि वरचा भाग जिथे जुळतो तो सांधा बोट फिरवून तपासा. चवड्याशी बूट वाकवून बघा. केसासारख्या चिरा दिसल्या, तर तो माल जुना. रबरावर पांढुरकी भुकटी दिसली, तर घाबरू नका. पुष्कळदा ती रबरातूनच वर आलेली असते आणि पुसली की जाते.

गळका बूट ओळखायची युक्ती सायकलच्या पंक्चरवाल्याकडून शिकावी. बुटाचं तोंड घट्ट दुमडून धरा आणि हवा कोंडून पाण्याच्या टबात दाबा. बुडबुडे आले, की भोक तिथेच. रबरी बुटाचं लहानसं भोक ट्यूबच्या ठिगळाने बुजतंही. पीव्हीसीला ते ठिगळ नीट धरत नाही.

बाहेरून कोरडा, आतून ओला

आता खरी गोम. चांगला बूट बाहेरचं पाणी अडवतो, तसाच आतला घामही अडवतो. दोन तासांनी पाय काढला, तर मोजा दमट झालेला असतोच. पहिल्या महायुद्धात खंदकांत सैनिकांचे पाय दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहून बधिर होत, सडत. त्या रोगाला 'ट्रेंच फूट' असंच नाव पडलं. त्यावर काढलेला उपाय अगदी घरगुती होता. रोज मोजे बदलायचे, पाय पुसून कोरडे करायचे आणि एकमेकांचे पाय तपासायचे. म्हणजे पाय कोरडा ठेवण्याचं निम्मं काम बूट करतो आणि उरलेलं निम्मं आपण करायचं असतं.

म्हणून बुटाबरोबर मोज्यांचे तीन जोड घ्या. अनवाणी पायावर गमबूट कधीही चढवू नये. सुती मोजा घाम शोषतो पण धरून ठेवतो, तेव्हा दुपारी तो बदलावाच. पातळ लोकरीचा मोजा ओला झाला तरी तितका गार आणि चिकट लागत नाही. पावसाळी पँट किंवा सलवार बुटात खोचू नका, बुटावरून खाली सोडा. खोचली, की तिच्यावरून ओघळणारं पाणी थेट बुटात! साडी असेल तर पोटरीपर्यंत वर खोचून घ्यावी. आणि पाणी बुटाच्या काठाहून वर येणार असेल तर त्यात शिरूच नये. भरलेला बूट पाय उचलू देत नाही.

काम झालं, की बूट बाहेरून धुवा. सुखतळा निघत असेल तर काढून वेगळा वाळवा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. नंतर बूट दोन खुंटांवर उलटे टांगा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवाल तर चिरतील. सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटायला विसरू नका. अंधारी, उबदार जागा विंचवाला आवडते. लाल विंचवाचा दंश एके काळी कोकणात मुलांचा घास घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर कितीतरी जीव वाचू लागले. पण दंश होऊच नये, हे अधिक बरं!

लावणीचं काय?

इथे सासूबाईंचं म्हणणं थोडं खरं आहे. खाचरातल्या गुडघाभर चिखलात साधा गमबूट रुतून बसतो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. जपानमध्ये भातलावणीसाठी पातळ रबराचे, घोट्याशी आणि पोटरीशी घट्ट बसणारे खास लांब बूट असतात. तसे मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले आणि अनवाणीच उतरावं लागलं, तर निदान एवढं करा. पायाला जखम असेल, तर त्या दिवशी तरवा काढायचं किंवा कोरड्यातलं काम मागून घ्या. बांधावर वर आलात की चांगल्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवा. बोटांच्या फटी जुन्या सुती पातळाच्या फडक्याने एकेक करून टिपा. घरातून खाचरापर्यंत जाता-येता मात्र बूट घालाच, कारण फुरसं बांधावरच भेटतं.

चिखल्या झाल्या तर आपल्याकडे मेंदी वाटून लावायची रीत आहे. फटी कोरड्या ठेवल्या तर बऱ्याचदा आराम पडतो. पण कातडी फाटली, पू झाला किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. जखम झाली तरी कळत नाही. त्यांचे पाय रोज रात्री घरातल्या कुणीतरी दिव्याखाली पाहावेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ओल्यात काम केल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप आला, डोकं आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "अंग मोडून आलंय, काढा घेते" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि "मी चिखलात, गोठ्यात काम करते" हे त्यांना आपणहून सांगा. वेळेवर औषध मिळालं तर लेप्टो बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि जिवावरही बेततं. धोक्याच्या भागात डॉक्टर कधी प्रतिबंधक गोळ्याही देतात, पण त्या शेजारणीकडून मागून घ्यायच्या नसतात. गरोदर बाईने तर मुळीच नाही.

खरेदीला निघताना : सोबत मोजे असू द्यात. शिक्का, सांधा, खाचा पाहा. उकिडवं बसून पाहा. आपला नंबर नसेल तर परत या. एका बुटामागे मोज्यांचे तीन जोड, आणि दाराशी पाय पुसायला एक स्वतंत्र फडकं.

पुढल्या आठवड्यात, पावसाळ्यात घरात वाळवलेल्या कपड्यांचा कुबट वास कसा घालवावा याविषयी. तुमच्याकडच्या युक्त्या जरूर कळवा.