शाळेच्या पडद्यावर वीस टक्के



१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांच्या करमाफीचा एवढा गाजावाजा झाला की, त्यातली एक ओळ कुणी फारशी वाचलीच नाही. इंटरॅक्टिव्ह फ्लॅट पॅनेलच्या तयार आयात मालावरचे मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झाले. हे पॅनेल म्हणजे वर्गात फळ्याच्या जागी लावतात तो बोटाने चालणारा मोठा पडदा. भूममध्ये माझे संगणक विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. आमच्याकडे या पडद्याची चौकशी करतात त्या शाळा, नाहीतर क्लासवाले. तिसरे गिऱ्हाईक क्वचितच.

सुट्या भागांवर शुल्क जास्त आणि तयार मालावर कमी, अशी उलटी रचना सरळ करायची, म्हणून ही वाढ केल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. पडद्याच्या ओपन सेलवरचे आणि इतर भागांवरचे शुल्क त्याच वेळी ५ टक्क्यांवर आणले. देशात कारखाने उभे राहावेत, याला कोण नाही म्हणेल? माझा आक्षेप वर्गीकरणावर आहे.

माझ्या बिलावर मॉनिटरचा एचएसएन, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक, चार आकडी लागतो : ८५२८. दूध संकलन केंद्रावर दुधाची प्रत दाखवणारा मॉनिटर घ्या किंवा कापड दुकानात जाहिराती फिरवणारा घ्या, दोन्ही ८५२८ च. बंदरावर मात्र आठ आकडे लागतात आणि खरी मारामारी पुढच्या चार आकड्यांत होते. संगणकाला थेट जोडता येणारा आणि त्याच वापरासाठी बनवलेला मॉनिटर ८५२८ ५२ मध्ये जातो. त्यावर मूळ शुल्क शून्य, कारण १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. ‘इतर’ मॉनिटर ८५२८ ५९ मध्ये, आणि शाळेचे पॅनेल तिथेच बसवले आहे. या पॅनेलच्या पोटात प्रोसेसर असतो, मेमरी असते, अँड्रॉइड असते. मग आयातदार म्हणतो, हा तर संगणकच, ८४७१ मध्ये घाला, तिथे शुल्क नाही. सीमाशुल्क खाते म्हणते, हा मॉनिटर. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. गोची आहे ती इथेच.

आकडा मांडून पाहा. अधिभार बाजूला ठेवला तरी शंभर रुपयांच्या मालावर २० टक्के शुल्क आणि त्या एकशेवीसवर १८ टक्के जीएसटी धरला की १४१ रुपये ६० पैसे होतात. शुल्क शून्य असेल तर तोच माल ११८ ला पडतो. वस्तू तीच, फरक साडेतेवीस रुपयांचा. एवढा फरक एका आकड्यावर टांगला की वकिलांची चंगळ होणारच.

मोठ्या कंपन्यांना हे झेपते. स्क्रीन आणि संगणक एकाच खोक्यात असलेल्या ‘ऑल इन वन’ यंत्रांना ‘पोर्टेबल’ म्हणायचे की नाही, हा न्हावाशेवा कस्टम आणि एचपी यांचा वर्गीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. केवळ वजनावरून यंत्र पोर्टेबल ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि अधिकाऱ्यांनी विकिपीडियाचा आधार घेतल्याबद्दल कानही उपटले. लहान आयातदाराने दिल्ली गाठायची कशी? वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय मागायची सोय मुंबईत आहे, पण तो निर्णय मागणाऱ्यापुरताच बंधनकारक. शेजारच्या व्यापाऱ्याने तोच माल आणला तर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यात सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत मागची वसुली निघू शकते, माहिती दडवल्याचा ठपका आला तर पाच वर्षांपर्यंत. हा धोका घाऊक व्यापारी भावात धरतो, आणि तो भाव शेवटी आमच्या गल्ल्यावर येतो.

युरोपानेही हा खेळ करून पाहिला आहे. मॉनिटरला डीव्हीआयची खाच आहे, म्हणजे त्यावर व्हिडिओही दिसू शकतो, असे म्हणून तिथे १४ टक्के शुल्क लावत. अमेरिका, जपान आणि तैवान जागतिक व्यापार संघटनेकडे गेले आणि २०१० मध्ये युरोप हरला. एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल आणि इतर मालावरच्या शुल्काबद्दल आपल्याविरुद्धही निर्णय गेला. आपण अपील केले, पण ते ऐकणारे मंडळच बंद पडले आहे. ही पळवाट फार काळ पुरणारी नाही.

यावर कुणी म्हणेल, शाळांनी देशी पॅनेल घ्यावे. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देण्याचा आदेश २०१७ पासून आहेच. म्हणजे सरकारी निधीतून येणारा पडदा बहुतेक वेळा त्या नियमाने येतो. वाढीव शुल्काची झळ उरली कुणाला? लोकवर्गणीतून पडदा घेणाऱ्या गावाला आणि छोट्या खासगी शाळेला. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. एकीकडे याच जिल्ह्याच्या शिक्षणाचे गुण मोजायचे आणि दुसरीकडे वर्गातला पडदा महाग करायचा, याचा मेळ मला तरी लागत नाही.

सोपे करता येते, हे सरकारने स्वतःच दाखवले आहे. टीव्ही-मॉनिटरवर ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के ही जीएसटीतली भिंत २२ सप्टेंबर २०२५ ला पडली. आता इंच मोजावे लागत नाहीत. सीमाशुल्कातही असेच व्हायला हवे. दरपत्रकातले शेवटचे दोन आकडे आपल्याच हातात असतात. त्यांत शैक्षणिक पॅनेलसाठी स्वतंत्र ओळ घाला. ट्यूनर आहे का, प्रोसेसर आतच बसवलेला आहे का, बाहेरच्या संगणकाशिवाय पडदा चालतो का, अशा डोळ्यांनी तपासता येणाऱ्या कसोट्या अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकात द्याव्यात. परिपत्रक निघेल त्या दिवसापासून पुढेच ते लागू करावे, मागची खाती उकरू नयेत. आणि मान्यताप्राप्त शाळेच्या नावाने येणाऱ्या पॅनेलला जुना १० टक्के दर ठेवावा.

मराठवाड्यातल्या खासदारांनी पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी एवढा एक प्रश्न अर्थमंत्र्यांपुढे मांडावा, ही विनंती.

— एक संगणक विक्रेता, भूम (जि. धाराशिव)