स्वराखालचे अक्षर

गाण्याचे स्वर संगणकावर लिहिणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ‘म्यूझस्कोअर’ ही प्रणाली तर फुकट मिळते, आणि पेटी थोडीफार येणारा विद्यार्थी थोड्याच दिवसांत पाच रेघांवर स्वर मांडू लागतो. घोडे अडते ते शब्दांपाशी. स्नेहसंमेलनात समूहगीताचे जे कागद वाटले जातात ते पाहा: स्वर नेमके आणि शब्द खाली कसेतरी पसरलेले. शब्द म्हणजे चित्राखालची ओळ, अशी समजूत यामागे असावी. मला ती मान्य नाही.

रीत तशी साधी आहे. पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एल दाबायचे व अक्षर लिहायचे. शब्द पुढच्या स्वरावर चालू राहणार असेल तर संयोगचिन्ह, संपला असेल तर मोकळी जागा, आणि एकच अक्षर पुढच्या स्वरांवर लांबवायचे असेल तर खालची रेघ. दुसरी रीत घाईच्या माणसाची. सगळे गाणे आधीच तोडून लिहून ठेवायचे आणि एकेका स्वराखाली चिकटवत सुटायचे.

पुष्कळजण संयोगचिन्हाऐवजी सरळ मोकळी जागा सोडतात. डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो. पण संगणकाच्या लेखी ‘पं’, ‘ढ’, ‘री’ हे तीन निरनिराळे शब्द होतात. ‘फिनाले’सारख्या नावाजलेल्या प्रणालीचे काम २०२४ मध्ये थांबवण्यात आले. उद्या आपले गाणे दुसऱ्या प्रणालीत न्यायची वेळ आली, तर पंढरीचे तुकडेच तिकडे जायचे!

याहून मोठा प्रश्न तोडायचे कुठे हा आहे. इंग्रजी शब्द कुठे तुटतो ते कोशात सापडते. आपल्याकडे ‘राम’ बोलताना एका झटक्यात संपतो, गाताना मात्र ‘म’लाही स्वतःचा स्वर मिळतो. ‘जन्म’ लिहिताना ‘ज’ आणि ‘न्म’, गळ्यातून निघते ते ‘जन्’ आणि ‘म’. भातखंडे पद्धतीत लांबवलेल्या अक्षरापुढे अवग्रह घालतात. तो कुठे घालायचा हेही गाऊनच ठरते.

मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे ठरलेली असतात. तिथे चिकटवणे एक वेळ खपेल. बायकांच्या ओवीला असे कडक बंधन नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला अजून तोंडपाठ आहेत आणि सध्या मी त्या उतरवून घेते आहे. कवितेसारखी ओवी लिहिली की तिच्यातले ‘गं’, ‘बाई’ सहज गळून जातात, कारण अर्थाला त्यांची गरज नसते. चालीला असते. आजी नेमकी त्या ‘गं’वरच श्वासभर थांबते. तो किती लांबतो असे विचारले तर म्हणते, “इचारतीस काय, म्हणून बघ की!” आधी तोडलेले शब्द चिकटवले तर त्या स्वराखाली भलतेच अक्षर येते आणि पुढची सगळी ओळ एकेका घराने सरकते. ज्याने आजीला ऐकलेले नाही त्याला ते कळणारही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, शब्द गात गातच भरावेत. वेळ लागतो, कबूल. निदान पुढच्या संमेलनाचे कागद छापायला देण्यापूर्वी कोणीतरी पडद्याकडे पाहत ते एकदा मोठ्याने गावेत. एका गाण्याला दहा मिनिटे पुरतील.