घराचा पाया वाळूत की खडकात?

पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय घरचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

येशूने सांगितलेली दोन घरांची गोष्ट चर्चमध्ये कधी न गेलेल्यांनाही माहीत असते. एकाने खोल खणून खडकावर पाया घातला, दुसऱ्याने वाळूवर घर उभं केलं. पूर आला. पहिलं घर राहिलं, दुसरं पडलं. आपल्या कन्हानच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्या नदीची वाळू नागपूरच्या किती बांधकामांत गेली, ते आपण ट्रक मोजत पाहिलं आहे. काळ्या मातीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर भिंतीला तडा जाणार, हे इथला कोणताही मिस्त्री सांगेल. आणि ऑगस्ट २०२० च्या शेवटी पेंचच्या धरणांचे दरवाजे उघडले, तेव्हा बिना संगमला आणि नदीकाठच्या गावांत पाणी कसं घुसलं होतं, तेही आपल्याला आठवतं.

पण त्या गोष्टीत एक बारीक बाब आहे, ती बरेचदा सुटते. येशूचे शब्द दोघांनीही ऐकलेले आहेत. वाळूवर घर बांधणारा नास्तिक नाही, परधर्माचा नाही. त्याने ऐकलं आणि केलं नाही, एवढाच त्याचा दोष. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन याच गोष्टीने संपतं. शत्रूवर प्रेम करा, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघण्याआधी आपलं मुसळ बघा, हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी ही गोष्ट येते. म्हणजे खडक हा करण्यात आहे.

मग ख्रिस्ती विश्वासावर उभं असलेलं घर ओळखायचं कसं? दारावरच्या क्रुसाने? भिंतीवरच्या वचनाच्या पाटीने? रविवारच्या हजेरीने? हे सगळं चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण मला विचाराल तर खरी परीक्षा वेगळी आहे. घरातलं जे माणूस आपल्यासारखं मानत नाही, त्याच्याशी ते घर कसं वागतं, ते बघा.

हे मी हवेत बोलत नाही. मराठीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे, आणि त्याचा रस्ता आपल्या दारावरून गेलेला आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात, हे दुसरे. १८६१ चा जन्म, कोकणातले चित्पावन ब्राह्मण, कवी. काही काळ ते नागपुरात होते, बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. पुढे नोकरीसाठी राजनांदगावला निघाले. त्या रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांच्या हातात नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावची गाडी तेव्हाही कामठी सोडली की कन्हानच्या पुलावरूनच जायची. टिळकांनी पुस्तक वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट चर्चमध्ये मोठ्या आनंदाने सांगितली जाते. पण त्या दिवशी घराचं काय झालं? घर मोडलं.

त्यांची बायको लक्ष्मीबाई. लहानपणी लग्न झालेलं, माहेर कमालीच्या सोवळ्याओवळ्याचं. पदरात लहानगा दत्तू. टिळकांचा निर्णय काही त्यांना विश्वासात घेऊन झालेला नव्हता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाईकांची दया, समाजाची बोलणी, असं साधारण साडेचार-पाच वर्षं त्या माहेरच्या माणसांकडे राहिल्या. हे सगळं त्यांनी स्वतः 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. रडगाणं न गाता, हसत-हसत लिहिलंय, म्हणून जास्त लागतं.

आता नीट लक्ष द्या. त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या कारणावरून नवऱ्याने किंवा बायकोने सोडलं, तर ठरावीक मुदतीनंतर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता यायचं आणि दुसरं करता यायचं. टिळकांना तो दरवाजा उघडा होता. ते त्यातून गेले नाहीत. थांबले. पत्रं लिहीत राहिले.

पुढे लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. एका संसारात दोन धर्म. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस त्या बाईने स्वतःलाच प्रश्न विचारला, ही जात देवाने केली की माणसाने? उत्तरही स्वतःच दिलं, आणि कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. त्यानंतर, १९०० साली, स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

तेव्हा ते घर पुन्हा उभं राहिलं, आणि कसं! अनाथ मुलं घरात वाढली, प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली. टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

टिळक देवमाणूस होते असं मी म्हणत नाही. लक्ष्मीबाईही म्हणत नाहीत. तापट होते, हातात पैसा टिकायचा नाही, घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकायचे. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोला तिचा वेळ दिला. माझ्या मते त्या घराचा खडक तो होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी घर खडकावर गेलं नाही, ते थांबण्याच्या वर्षांत गेलं.

आता आपल्याकडे या. आपला पट्टा काही धर्मांतराला नवखा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा या भागातली घरंच्या घरं एकदम बुद्धाकडे गेली. तिथे अख्खं कुटुंब, अख्खी वस्ती सोबत होती. ख्रिस्ती विश्वास मात्र आपल्याकडे बरेचदा घरातल्या एकाच माणसाला गाठतो. सून प्रार्थनेला जाते, सासू बोलणं टाकते. पोरगा चर्चला जायला लागला की बाप म्हणतो, आता तू माझा नाही. उलटंही होतं. नवरा ख्रिस्ती झाला की महिन्याभरात बायकोला रांगेत उभं करतात, तिला कोणी विचारत नाही. पोरीने दुसऱ्या धर्मातला मुलगा निवडला की प्रार्थनेच्या नावाखाली तिच्यावर दडपण आणतात. दोन्हीकडे वाळू तीच.

त्यात कागदाचा घोळ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. शिखांना १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. म्हणून काही घरांत विश्वास एक आणि दाखला दुसरा. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव वॉर्डातली उमेदवारी, सगळं त्यावर अडकलेलं असतं, म्हणून मी त्या लोकांना दोष देत नाही. पण माणसाने देव बदलला तर त्याच्या वस्तीतली जात बदलते का? शेजारी तेच, आडनाव तेच, वागणूक तीच. हा प्रश्न सरकारने निकाली काढला पाहिजे. लोकांना लपूनछपून प्रार्थना करायला लावायची आणि वरून तेच लपतात म्हणून संशय घ्यायचा, हे बरोबर नाही.

धर्मांतराच्या कायद्यावर सारखी चर्चा होते. जबरदस्ती, आमिष, फसवणूक असेल तर कारवाई व्हावीच, त्याला कोणा शहाण्याचा विरोध नसेल. पण संविधानाच्या कलम २५ ने सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलंय ते एकेका माणसाला. नवऱ्याला वेगळं, बायकोला वेगळं. आणि पोलीस स्टेशन काही झालं तरी ती साडेचार वर्षं तुमच्यासाठी थांबू शकत नाही. ते घरच्यांनाच करावं लागतं.

म्हणून दोन गोष्टी मागतो.

पाळकांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना: आकडे मोजू नका. बाप्तिस्म्याआधी त्या घरी जाऊन न मानणाऱ्या माणसासोबतही चहा घ्या. त्याचं ऐका. बायको नको म्हणत असेल तर नवऱ्याला सांगा, थांब.

आणि जे ख्रिस्ती नाहीत त्या नातेवाईकांना, मोहल्ल्याच्या लोकांना: घरातलं कोणी येशूला मानायला लागलं म्हणून त्याचं ताट बंद करू नका, मयतीला-लग्नाला टाळू नका. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा देव मान्य नसतानाही त्याच्या घरी जाऊन आपली वेगळी चूल मांडली. एका छताखाली दोन चुली चालतील हो, पण उंबरठ्यावर भिंत नको.

मतभेद असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त कोणाच्या देवाला शिव्या देऊ नका, आणि कोणा कुटुंबाचं नाव घेऊ नका.